एका उपनगराचे ताट

ही गोष्ट १९७६ सालची आहे. त्या वेळी मी दादरच्या एका शाळेत सातवीत शिकत होतो. माझ्या बाकावर बसणारा मुलगा शीवच्या कोळीवाड्यातून येत असे. तो अबोल होता. पण त्याचे गणित चांगले होते आणि मला अडलेली उदाहरणे तो मधल्या सुटीत न कंटाळता समजावून देत असे.

एके दिवशी मधल्या सुटीत त्याने आपला डबा उघडला. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलांचे कालवण होते. आमच्या घरी मासे शिजत नसत. तो वास मला अपरिचित होता. मी नाकाला रुमाल लावला, मोठ्याने काहीतरी बोललो आणि माझा डबा उचलून दुसऱ्या बाकावर जाऊन बसलो. वर्गातील मुले हसली. त्याने मात्र एक शब्दही उच्चारला नाही. डब्याचे झाकण लावून तो खाली मान घालून बसून राहिला. त्या दिवशी तो जेवला नाही. पुढचे दोन दिवस त्याने डबाच आणला नाही.

आमचे गुरुजी दारातून हे सारे पाहत होते. ते रागावतील असे मला वाटले होते. परंतु ते काही बोलले नाहीत. शनिवारी शाळा सुटताना ते म्हणाले, "उद्या सकाळी सात वाजता सर्वांनी दादर स्थानकाबाहेर जमावे. आपल्याला कोळीवाड्यापर्यंत पायी जायचे आहे. वाटेत जे जे खाण्याजोगे दिसेल ते पाहू, थोडे चाखू आणि ते येथे कसे आले याची चौकशी करू. मात्र प्रत्येक पदार्थ दोघांत एक मिळेल. ज्यांचे बाक एक, त्यांची जोडी एक."

ही अट ऐकून माझा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पंधरा मुले स्थानकाबाहेर जमलो. पश्चिमेच्या बाजूस एका गाडीवर मोठ्या कढईत बटाटेवडे तळले जात होते. गुरुजींनी वडापाव घेतले आणि विचारले, "हा पदार्थ कोठला?"

"आपलाच! महाराष्ट्राचा!" आम्ही एका सुरात उत्तर दिले.

"खरे आहे," गुरुजी म्हणाले. "अशोक वैद्य यांनी १९६६ च्या सुमारास याच दादर स्थानकाबाहेर वडापाव विकण्यास सुरुवात केली असे सांगतात. गिरणीत पाळीवर जाणाऱ्या कामगाराला बसून जेवायला सवड नसे. थोड्या पैशांत, चालता चालता, पोटाला आधार देणारे काहीतरी त्याला हवे होते. पण आता हा वडापाव उलगडून पाहा. पाव करण्याची रीत पोर्तुगीज लोकांनी आणली; 'पाव' हा शब्दही त्यांचाच. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतील. तोही पोर्तुगिजांबरोबर आला आणि आपले नाव घेऊनच आला. मिरचीचे मूळही त्याच खंडात आहे. हरभऱ्याचे पीठ तेवढे या भूमीतले. कारण हरभरा येथे हजारो वर्षे पिकत आला आहे. दूरदूरचे हे पाहुणे एका कढईपाशी भेटले, तेव्हा आपला वडापाव झाला."

माझ्या जोडीदाराने आमच्या वडापावाचे दोन भाग केले. ते सारखे झाले नाहीत. त्याने मोठा भाग माझ्यापुढे केला. मी तो घेतला. पण त्याच्याकडे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही.

दक्षिणेकडे बोट दाखवून गुरुजी पुढे म्हणाले, "पलीकडे परळ, लालबाग. त्या भागाला गिरणगाव म्हणतात. कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो कामगार तेथे दाटीवाटीने राहतात. पुष्कळांची बायकामुले गावी असतात. त्यांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या खाणावळी घरोघरी स्त्रियाच चालवतात. पहाटेपासून रात्रीपर्यंत त्या चुलीपुढे असतात. पण हाताशी भांडवल नसल्यामुळे सावकाराच्या कर्जातून सुटत नाहीत. गेल्याच वर्षी, १९७५ साली, प्रेमा पुरव यांनी अशा स्त्रियांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. त्यांना बँकेकडून कर्ज मिळवून देण्याचे काम हे मंडळ करते. वाढलेले ताट आपल्याला दिसते. ते वाढणारे हात कोणाचे, हेही पाहायला शिकावे."

टिळक पूल ओलांडून आम्ही पूर्वेस आलो. येथील रस्ते रुंद होते आणि दोन्ही बाजूंस मोठमोठी झाडे होती. गुरुजींनी त्याचे कारण सांगितले. १८९६ साली मुंबईत प्लेगची भयंकर साथ आली. दाट वस्तीत, कोंदट घरांत माणसे पटापट दगावू लागली. तेव्हा १८९८ साली शहरसुधारणेसाठी एक विश्वस्त मंडळ नेमण्यात आले. त्याने शहराच्या उत्तरेकडील दादर, माटुंगा या भागांत नव्या वसाहतींची आखणी केली. मोकळी हवा आणि उजेड मिळावा म्हणून रुंद रस्ते व बागा राखल्या. या नव्या उपनगरात निरनिराळ्या प्रांतांतील माणसे राहावयास आली. माणसे आली, तशी त्यांची स्वयंपाकघरेही आली.

हिंदू कॉलनीत एका घरासमोर गुरुजी थांबले. ते राजगृह होते. "डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी हे घर बांधले," ते म्हणाले, "आणि त्यात आपला अफाट ग्रंथसंग्रह ठेवला. आज आपण खाण्याच्या गोष्टी पाहायला निघालो आहोत, मग येथे का थांबलो? ऐका. एके काळी कित्येक ठिकाणी जातीप्रमाणे पंगती वेगळ्या असत, पाण्याची भांडी वेगळी असत. काहींना तर दारातच थांबवले जाई. सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्याच्या हक्कासाठी बाबासाहेबांना १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. पुढे ते संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात स्पष्ट म्हटले आहे, की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला दुकानात, सार्वजनिक उपाहारगृहात वा हॉटेलात जाण्यास मज्जाव करता येणार नाही. मुलांनो, देशाच्या संविधानात उपाहारगृहाचा उल्लेख करावा लागला. शेजारी बसून जेवू न देणे हा किती मोठा अपमान असतो, याचा विचार करा."

ते माझ्याकडे पाहत नव्हते. तरी माझे कान तापले. मी बाक बदलला होता, तो क्षण मला आठवला.

पारशी कॉलनीतील पाच उद्याने ओलांडून आम्ही माटुंग्यास पोहोचलो. तेथील बाजारात केळीच्या हिरव्यागार पानांच्या चळती होत्या, कढीपत्त्याच्या जुड्या होत्या आणि मोगऱ्याचे गजरे टांगलेले होते. दळलेल्या कॉफीचा दरवळ सगळीकडे पसरला होता. सरकारी कचेऱ्यांत, रेल्वेत आणि मोठ्या पेढ्यांत कारकून व टंकलेखक म्हणून दक्षिणेकडून आलेली अनेक कुटुंबे येथे स्थायिक झाली होती. स्थानकाजवळच्या एका भोजनालयाकडे गुरुजींनी आमचे लक्ष वेधले. ए. रामा नायक यांनी १९४२ साली ते सुरू केले. कर्नाटकातील आपले गाव सोडून ते लहान वयातच मुंबईस आले होते आणि कष्ट करीत वर आले होते. उडुपी गावातील श्रीकृष्णमंदिरात यात्रेकरूंना भोजन देण्याची मोठी परंपरा आहे. त्या परिसरातील आचाऱ्यांनी पाककलेच्या बळावर देशभर उपाहारगृहे काढली. म्हणूनच अशा उपाहारगृहांना 'उडुपी' हे नाव पडले.

जवळच्या एका उपाहारगृहात आम्हांला इडली मिळाली. ती इतकी हलकी कशी होते, असे आमच्यापैकी एकाने विचारले. तेथील आचाऱ्याने मोडक्यातोडक्या मराठीत, पण मोठ्या आवडीने ते सांगितले. तांदूळ आणि उडदाची डाळ भिजवून वेगवेगळी वाटायची, मग एकत्र करून रात्रभर ठेवायची. गुरुजींनी त्यास पुस्ती जोडली. रात्रभरात त्या पिठात सूक्ष्मजीव वाढतात, त्यांच्यापासून वायू निर्माण होतो आणि त्याचे बुडबुडे पिठात अडकून पीठ फुगते. आचाऱ्याने पिठाचे पातेले उघडून दाखवले. त्याचा आंबूस वास आला, तेव्हा दोघातिघांनी तोंडे वाकडी केली.

गुरुजी हसले. "आता जी इडली तुम्ही मिटक्या मारीत खाल्ली, तिचाच हा वास. ज्याच्या घरी रोज इडली होते, त्याला हा वास आला की भूक लागते. वास चांगला की वाईट हे पुष्कळदा नाक ठरवीत नाही, सवय ठरवते."

माटुंग्याच्या पुढे किंग्ज सर्कलजवळ आम्ही एका इराण्याच्या हॉटेलात शिरलो. संगमरवरी टेबले, काळ्या लाकडाच्या वाकवलेल्या पाठीच्या खुर्च्या आणि भिंतींवर मोठे आरसे. पारशी लोक इराणातून भारतात येऊन हजारांहून अधिक वर्षे झाली. परंतु हे इराणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर, यझ्द व केरमान या प्रांतांतून पोटासाठी आणि निर्धास्त जगण्यासाठी आलेले. रस्त्याच्या कोपऱ्यावरची दुकाने इतर व्यापारी अशुभ मानून टाळीत, ती इराण्यांनी घेतली, असे सांगतात. तेथे हमाल आणि वकील एकाच प्रकारच्या कपातून चहा पीत. आम्हांला कडक ब्रूनपाव, लोणी आणि दाट दुधाचा चहा मिळाला. पाव चहात बुडवून खाण्याची रीत माझ्या जोडीदाराने मला दाखवली. चार दिवसांनंतर आम्ही प्रथमच एकमेकांशी बोललो.

तेथून निघालो तेव्हा ऊन चढले होते. अर्ध्या तासात आम्ही कोळीवाडा स्थानकाजवळ आलो. १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि एक कोटीहून अधिक माणसांना आपली घरे सोडावी लागली. पश्चिम पंजाबातून आलेल्या कित्येक निर्वासित कुटुंबांना येथील लष्करी बराकींत आसरा देण्यात आला होता. त्यांची वस्ती येथेच वाढली. एका दुकानासमोर जमिनीत पुरलेला मातीचा तंदूर धगधगत होता. एक वृद्ध सरदारजी कणकेचा गोळा हातावर थापटून तो आतील तापलेल्या भिंतीवर चिकटवीत होते. थोड्याच वेळात फुगलेली, खमंग रोटी सळईने बाहेर येई.

गुरुजींनी त्यांना त्यांच्या गावाविषयी विचारले. रोटी उलटता उलटता ते म्हणाले, "आमच्या गावात एकच तंदूर असायचा. सगळ्या घरच्या बाया आपापले पीठ घेऊन तिथे जमायच्या. त्याला आम्ही सांझा चूल्हा म्हणतो, म्हणजे सर्वांची चूल. गाव तिकडे राहिले. घर राहिले, शेत राहिले. इथे आलो तेव्हा हातात काही नव्हते. पण रोटी लावायची हाताला सवय होती. त्या सवयीने आम्हांला जगवले."

मग त्यांनीच आम्हांला जवळच्या गुरुद्वारात नेले. तेथे लंगर चालू होता. गुरू नानकांच्या काळापासून शीख समाजात ही प्रथा चालत आली आहे. डोके झाकून, हातपाय धुऊन आम्ही जमिनीवर एका रांगेत बसलो. त्या रांगेला तेथेही 'पंगत' असेच म्हणतात, हे ऐकून आम्हांला नवल वाटले. धर्म, जात, श्रीमंती काहीही न विचारता सर्वांना एकाच ओळीत बसवून डाळ आणि रोटी वाढली जात होती. माझ्या डाव्या बाजूस कोणी हातगाडीवाला होता, उजव्या बाजूस माझा बाकसोबती. या वेळी जागा बदलावी असे माझ्या मनातही आले नाही.

शेवटचा मुक्काम कोळीवाड्यातील माझ्या सोबत्याचे घर हा होता. वाटेत गुरुजी म्हणाले, "आतापर्यंत पाहिलेली सारी माणसे कोठून ना कोठून आलेली. कोळी मात्र या बेटांचे मूळ रहिवासी. मुंबई हे नाव ज्या मुंबादेवीवरून पडले, ती त्यांची देवता. पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि होड्या किनाऱ्याला लागतात. त्या दिवसांची बेगमी म्हणून बोंबील, जवळा असे मासे उन्हात कडकडीत वाळवून ठेवण्याची विद्या त्यांनी पिढ्यान् पिढ्या जपली आहे. आपल्या आया उन्हाळ्यात पापड आणि सांडगे घालतात, तसेच हे. पंजाबी मंडळी येथे आल्यावर त्यांनी कोळ्यांच्या कोळंबीला बेसन, ओवा आणि तिखट लावून ती तळली. ती कोळीवाड्याच्या नावानेच प्रसिद्ध झाली. ज्यांचे गाव सुटले होते, त्यांनी नव्या शेजाऱ्यांच्या गावाचे नाव आपल्या पदार्थाला दिले."

सोबत्याचे घर लहान, पण सारवून स्वच्छ केलेले होते. त्याच्या आईने आम्हांला चटईवर बसवले. ज्या मुलांच्या घरी मासे चालत, त्यांच्यापुढे तिने तळलेले बोंबील ठेवले. मग ती माझ्यापाशी आली. तिच्या हातातील ताटलीत तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी आणि ओल्या नारळाची चटणी होती.

ती म्हणाली, "बाळा, तू मासे खात नाहीस, हे मला ठाऊक आहे. हा घरी नेहमी तुझ्याविषयी सांगतो. तुझ्यासाठी सकाळीच वेगळा तवा घासून भाकरी केली. पाटाही धुऊन घेतला होता. अगदी निर्धास्तपणे खा."

माझ्या घशात आवंढा आला. तिच्या हातच्या डब्याला मी चारचौघांत नाक मुरडले होते. आणि तिने मात्र माझ्या घरची रीत मोडू नये म्हणून पहाटे उठून तवा घासला होता. आपल्या डब्याचे काय झाले हे तिच्या मुलाने घरी सांगितलेच नव्हते. मी त्याच्याकडे पाहिले. तो खाली मान घालून भाकरीचा तुकडा मोडीत होता.

"माझे चुकले," मी हळूच म्हणालो.

"भाकरी गरम आहे तोवर खा," तो म्हणाला.

परतताना गुरुजी एवढेच बोलले, "कोणी काय खावे आणि काय खाऊ नये, हे ज्याचे त्याने ठरवावे. तुम्ही मासे खाल्लेच पाहिजेत असे मी म्हणणार नाही. पण दुसऱ्याच्या ताटात त्याच्या आईचे कष्ट असतात, त्याच्या गावाची आठवण असते. त्याचा मान राखावा."

सोमवारी मी पुन्हा माझ्या जुन्या बाकावर बसलो. मधल्या सुटीत त्याने डबा उघडला, मी माझा उघडला. माझ्या डब्यातील थालीपीठ त्याला फार आवडत असे, हेही मला त्याच दिवशी समजले.

या गोष्टीला आता अनेक वर्षे लोटली. कोळीवाडा स्थानकाचे नाव पुढे गुरू तेगबहादूर नगर असे झाले. १९८२ साली गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. त्यानंतर बहुतेक गिरण्या बंद पडल्या आणि काम गेलेल्या कित्येक घरांना वडापावाच्या गाडीने तारले. आज त्याच रस्त्यांवर वाफाळलेले मोमो विकणारे तरुण दिसतात. ते कोणी नेपाळचे असतात, कोणी दार्जिलिंगचे. त्यांनीही आपले डोंगर मागे ठेवले आहेत. त्यांच्या गाडीपाशी थांबलो, की मला गुरुजींची आठवण होते. मी मोमो घेतो आणि त्या तरुणाला विचारतो, "तुमचे गाव कोणते?"

बहुधा तो आधी चकित होतो. मग हसतो आणि सांगू लागतो.

स्वाध्याय

शब्दार्थ : पुस्ती जोडणे – सांगितलेल्यात भर घालणे. बेगमी – पुढील दिवसांसाठी केलेला साठा. मज्जाव – मनाई. निर्वासित – घरदार सोडावे लागलेला मनुष्य. पाटा – वाटण वाटण्याचा दगड.

प्रश्न १. पुढील प्रश्नांची उत्तरे एकदोन वाक्यांत लिहा.
(अ) वडापावातील कोणकोणत्या गोष्टी परदेशांतून आल्या?
(आ) दादर-माटुंगा भागात रुंद रस्ते व बागा का राखल्या गेल्या?
(इ) इडलीचे पीठ कशामुळे फुगते?

प्रश्न २. कारणे द्या.
(अ) गुरुजी राजगृहासमोर थांबले.
(आ) भाकरी पाहून लेखकाच्या घशात आवंढा आला.

प्रश्न ३. 'वास चांगला की वाईट हे पुष्कळदा नाक ठरवीत नाही, सवय ठरवते,' या वाक्याचा अर्थ स्वतःच्या अनुभवाच्या आधारे स्पष्ट करा.

प्रश्न ४. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : नाक मुरडणे, मिटक्या मारणे, चेहरा उतरणे, आसरा देणे.

उपक्रम : तुमच्या गावात वा वस्तीत बाहेरून आलेला एखादा पदार्थ निवडा. तो करणाऱ्या व्यक्तीला नम्रपणे विचारून, तो कोठून व कसा आला याची माहिती दहा ओळींत लिहा.